गळ, गांडूळ आणि राजा सोमेश्वर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात टिटवाळ्याकडून येणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने खिशातून एक डबी काढली आणि उघडून पुढे धरली. आत तीनेक इंच लांबीचे, जांभळ्या रंगाचे, लिबलिबीत असे काहीतरी होते. मी हात मागे घेतला. तो हसून म्हणाला, "सर, भिऊ नका. गांडूळ आहे, पण खोटं. अमेरिकेत याच्यावर मासे धरतात. आमचे आजोबा काळू नदीवर खऱ्या गांडुळावर धरतात. मग ही युक्ती आधी कोणाची? त्यांची की आपली?"

इतिहास शिकवणाऱ्या माणसाची अशा वेळी पंचाईत होते. पानिपत विचारा, वसईचा तह विचारा, उत्तर जिभेवर असते. पण गळाला गांडूळ प्रथम कोणी लावले, हे आमच्या अभ्यासक्रमात कोठे आहे? "उद्या सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. त्या 'उद्या'ला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या खोट्या गांडुळाची हकीकत. अमेरिकेच्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. रबराच्या धंद्याबद्दल ते प्रसिद्ध. तेथील गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने १९२६ साली पी. व्ही. सी. या कडक द्रव्याला मऊ, लवचीक करण्याची रीत शोधली. आज आपल्या घरात रेनकोटापासून विजेच्या तारेच्या वेष्टणापर्यंत जे मऊ प्लास्टिक दिसते, त्याचे मूळ तेथे आहे. पुढे वीसेक वर्षांनी त्याच अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाचा यंत्रावर काम करणारा कारागीर आणि त्याची पत्नी कॉस्मा यांनी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर असले मऊ द्रव्य वितळवून गांडुळाच्या साच्यात ओतून पाहिले. १९४९ साली ही गांडुळे विक्रीला आली आणि भराभर खपली. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या डबीतल्या वस्तूचे वय पाऊणशे वर्षांच्या आसपास. इतिहासाच्या मानाने कालचे पोर!

अमेरिकेत हे गांडूळ मुख्यतः 'बास' नावाच्या माशासाठी वापरतात. गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, दबा धरून बसणारा हा शिकारी मासा आपल्याकडे नाही. आपल्या खाडीतल्या जिताड्याला इंग्रजीत 'आशियाई सी-बास' म्हणतात खरे, पण दोघांचे कूळ वेगळे. आडनाव तेवढे एक. ह्या बासच्या मागे लोक इतके लागले की ज्या तळ्यांत रोज गळ पडतात तेथले मासे सावध झाले. मोठे, चमकणारे, खळबळ करणारे आमिष दिसले की ते तोंड फिरवू लागले. तेव्हा काही गळवाल्यांनी उलटी वाट धरली. दोरा बारीक, गळ लहान, शिशाचा मणी एकदोन ग्रॅमचा, गांडूळ बोटाएवढे, आणि ते ओढायचे नाही, हिसडायचे नाही. पाण्यात नुसते असू द्यायचे. या पद्धतीला ते 'फिनेस' म्हणतात. आपण तिला हलक्या हाताचा गळ म्हणू.

ही युक्ती चालते का? त्याचे कारण माशाच्या खाण्यात आहे. असा मासा घास चावून घेत नाही. तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. आत आलेली वस्तू कडक लागली तर तितक्याच चपळाईने बाहेर टाकतो. मऊ लागली तर क्षणभर धरून ठेवतो. गळवाल्याचे सारे भांडवल तो एक क्षण. तो बोटाला कळला पाहिजे, म्हणून दोरा बारीक आणि हात हलका.

हे सगळे वाचून मी एका रविवारी टिटवाळ्याला उतरलो आणि विद्यार्थ्याबरोबर काळूच्या काठी गेलो. आजोबा आधीच येऊन बसले होते. सामान काय म्हणाल तर एक बांबूची काठी, तंगूस, बारीक गळ, तरंगायला भेंडाचा तुकडा आणि ओल्या मातीने भरलेली नारळाची करवंटी. करवंटीत गांडुळे. कोकणात काही ठिकाणी यांना काडू म्हणतात. गांडूळ सबंध ओवीत नाहीत. तुकडा असा ओवायचा की गळाची अणी झाकली जाईल आणि पुढे शेपटीचा टोकदार भाग मोकळा वळवळत राहील. अमेरिकन पुस्तकात छापलेली आकृती मी घरी पाहून आलो होतो. हुबेहूब तीच.

"भेंड नाचलं तर बारीक मासा टोचतोय, त्याच्याकडे बघू नका," आजोबा म्हणाले. "सरळ खाली गेलं तर शिंगटा. आणि नुसतं कडेला सरकलं तर गप बसा. मोठा आहे."

भेंड नाचले, मी काठी उचलली. रिकामी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गांडूळही गेले. "मास्तर, तुम्ही घाई करता," ते म्हणाले. "त्याला खाऊ द्या की आधी." दुपारपर्यंत त्यांच्याकडे बरे कालवण होईल एवढे मासे जमले आणि माझ्याकडे अनुभव जमला.

मग नातवाने डबीतले जांभळे गांडूळ त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते दाबून पाहिले, ताणून पाहिले, मग नाकाशी नेले. "बडीशेपेचा वास येतोय याला! जेवण झाल्यावर द्यायचंय का माशाला?" आम्ही हसलो. पण त्यांनी नेमका मुद्दा धरला होता. प्लास्टिकला खाण्याचा वास नसतो आणि मासा वासावरही जातो. म्हणून हे कारखानदार बडीशेपेचा किंवा लसणाचा अर्क आणि मीठ त्यात मिसळतात. कारखान्याला जे करून पाहावे लागले, ते म्हाताऱ्याला एका हुंगण्यात कळले.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. नुसता गळ तर फारच जुना आहे. मोहेंजोदारो आणि लोथल येथे तांब्याचे गळ सापडले आहेत. म्हणजे चार हजार वर्षांहून अधिक काळ झाला. पण गळ सापडला म्हणून त्याला काय लावत, दोरा कशाचा असे, हात कसा ठेवीत, हे कळत नाही. गांडूळ कुजून जाते, दोरा कुजून जातो, हाताची सवय माणसाबरोबर जाते. ती कोणी लिहून ठेवली तरच आपल्यापर्यंत येणार.

आणि ती लिहिली गेली आहे. कोणी लिहिली? एका राजाने.

'मानसोल्लास' हे नाव शिक्षकमंडळींनी ऐकले असेल. 'अभिलषितार्थचिंतामणी' हे त्याचेच दुसरे नाव. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा, पदवी भूलोकमल्ल, याने सुमारे ११३० साली हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय, वीस-वीसांचे पाच भाग. राज्यकारभार, रत्नपरीक्षा, औषधे, स्वयंपाक, गायन, हत्तींच्या झुंजी, काय म्हणाल ते त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथात आहे. मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत असतो तो बहुधा तेवढ्यासाठी. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेल्या त्याच्या पहिल्या भागाचे प्रकाशन १९२५ साली झाले.

येथे एक खुलासा करतो. 'कल्याण' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आपले कल्याण येते, जंक्शनचे. शाळेत असताना आम्हांला कोणीतरी सांगितले होते की चालुक्यांची राजधानी ती हीच, आणि आम्ही डोंबिवलीची मुले त्या अभिमानात बरीच वर्षे राहिलो. ते खरे नव्हे. सोमेश्वराची कल्याणी म्हणजे कर्नाटकात बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. आपले कल्याण तेव्हा उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यात होते. त्यांचे ठिकाण ठाणे, आणि सोमेश्वर हा ग्रंथ लिहीत होता त्या सुमारास येथे पहिला अपरादित्य राज्य करीत होता. तोही काही अडाणी राजा नव्हे. त्याचा तेजःकंठ नावाचा वकील थेट काश्मीरच्या पंडितांच्या सभेत हजर होता, असे मंख कवीच्या 'श्रीकंठचरित' काव्यावरून दिसते. म्हणजे कल्याणीचा राजा गळाचे शास्त्र लिहितो आहे आणि ठाण्याचा राजा काश्मीरला विद्वान पाठवतो आहे. दोन्ही गोष्टी एकाच पिढीतल्या.

सोमेश्वराच्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. राजाने करमणुकीसाठी मासे कसे धरावे याचे ते वर्णन. पण वाचू लागलो की राजा बाजूला राहतो आणि एखादा मुरलेला गळवाला बोलतो आहे असे वाटू लागते. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. अंगाने मोठे, मध्यम, लहान कोणते, अशी तिसाहून अधिक माशांची विभागणी तो करतो. कोणत्या माशाला कोणते खाणे घालावे हे तो सांगतो. कोणाला भाताचे आणि पिठाचे गोळे, कोणाला तिळाची पेंड, कोणाला मांस. दोरी, काठी आणि गळ यांविषयीही तो लिहितो. आधी मासे खाण्याला सवकवावेत आणि मग गळ टाकावा, अशी ती रीत आहे. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी उभे राहून लोक कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकतात, ते तुम्ही पाहिले असेल. राजाच्या विनोदाचा पूर्वार्ध तेथे पुण्य म्हणून चालला आहे. उत्तरार्ध तेवढा गळाला आहे.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळाविषयीचे पुस्तक १६५३ साली निघाले. जगभरचे गळवाले त्याला गुरुस्थानी मानतात. गांडुळांच्या जाती कोणत्या, ती ओल्या शेवाळात काही दिवस ठेवली म्हणजे कशी चिवट होतात, हे तो प्रेमाने सांगतो. त्याच्या आधी पाचशे वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असे प्रकरण लिहिले गेले होते. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची फारशी दाद कोणी घेतली नाही. प्राणिशास्त्राचे मोठे पंडित सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेतून हे प्रकरण अभ्यासकांपुढे आणले. संस्कृतज्ञाला मासे ठाऊक नाहीत आणि मासे जाणणाऱ्याला संस्कृत ठाऊक नाही. मध्ये प्रकरण पडून राहिले.

परंतु मला एक प्रश्न सुटत नाही. राजाला हे कोणी सांगितले? अमका मासा मांसावर येतो आणि तमका पेंडीवर, हे सिंहासनावर बसून कळत नाही. त्या प्रकरणातली पुष्कळशी नावे संस्कृत कोशातली वाटत नाहीत. ती देशी बोलीतली दिसतात. त्यावरून माझा तर्क असा की कोणी भोई, कोणी धीवर राजापुढे उभा राहून सांगत होता आणि पंडित ते श्लोकात बसवीत होते. ग्रंथावर नाव राजाचे आले. ते रीतीप्रमाणेच झाले म्हणा.

असेच पुन्हा एकदा घडले, सातशे वर्षांनी. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करीत होता. त्याने घाटावरच्या नद्यांतले मासे गोळा केले, त्यांची चित्रे काढविली आणि विलायतेत त्यांची यादी प्रसिद्ध केली. शास्त्रीय नाव द्यायचे तर लॅटिन हवे. पण साइक्सने गंमत केली. पुष्कळ माशांना त्याने आपल्या लोकांच्या तोंडचेच नाव, त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे, लॅटिनच्या शेजारी बसवले. म्हणून आजही जगातला कोणताही शास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला 'टोर खुद्री' म्हणतो. दुसऱ्या एका माशाच्या नावात 'मुसळा' आहे, एकाच्या 'कोलस', एकाच्या 'पोटेल', एकाच्या 'नुकटा', एकाच्या 'इचकिया'. या साऱ्यांपुढे १८३९ हे साल आणि साइक्सचे नाव लागते. त्याला ती नावे सांगणारे नदीकाठचे भोई आणि कोळी कोण होते, हे कोठेच लागत नाही. त्याच टोर खुद्रीची पैदास पुढे लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने हाती घेतली. जेथून आपली उल्हास खाली उतरते, त्याच डोंगराच्या माथ्यावर.

साहेबांच्या गळाविषयी फार सांगत बसत नाही. मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले, आणि पुढे त्याने तळ्यांतल्या गळावर वेगळे पुस्तक लिहिले. आपल्याकडे पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास बांधून झाला. मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव लवकरच गळवाल्यांचा होऊन बसला. तेव्हा पवई ठाणे जिल्ह्यातच होती. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला तो १९२० साली. म्हणजे तो इतिहासही अर्धा आपला.

सरकारी दप्तरात कोळ्यांची जाळी येतात, होड्या येतात, मिठागरे येतात. करवंटीतले गांडूळ येत नाही. मला वाटते, ज्याच्यावर सारा बसतो त्याची नोंद होते. पाग टाकणारा माणूस निदान बाजारात मासे विकतो. गळ टाकणारा घरी नेऊन खातो. त्याची नोंद कोण करणार? राजाने केली ती स्वतःच्या करमणुकीसाठी, साहेबाने केली ती शास्त्रासाठी. आजोबांची रीत त्या दोन्हींपेक्षा जुनी असेल. पण सिद्ध करायला माझ्यापाशी कागद नाही.

विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. लेखी पुरावा पाहिलास तर आपल्याकडचा सुमारे नऊशे वर्षांचा आहे आणि क्रीमच्या गांडुळाचा १९४९ चा. पण ते गांडूळही काही चोरी नव्हे. जिथे पाणी आहे, मासा आहे आणि माणसाला सवड आहे, तिथे माणसाच्या हाताला हलके व्हायला कोणी शिकवावे लागत नाही, मासाच शिकवतो. त्याला हे उत्तर अर्धवट वाटले असावे. "मग पहिला कोण?" असे त्याने पुन्हा विचारलेच.

पाण्याचे काय, हेही सांगितले पाहिजे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे १०६० च्या सुमाराचे, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातले. सोमेश्वराच्या ग्रंथाच्या सत्तर वर्षे आधीचे. त्याच्या अंगावरून वालधुनी वाहते. मुलांची सहल तेथे नेली की मी शिल्पे दाखवतो, पण मुले नाकाला रुमाल लावून पाण्याकडे पाहत असतात. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली येथे कारखाने वाढले, वस्ती वाढली, आणि दोन्हींचे सांडपाणी वालधुनीत व उल्हासमध्ये उतरले. या नद्यांच्या प्रदूषणाचा खटला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. ज्या पाण्याला रंग येतो त्यात हलक्या हाताचा काय उपयोग? डोंबिवलीच्या खाडीवर लहानपणी मी निवट्या आणि चिंबोऱ्या धरणारी पोरे पाहिली आहेत. खाडीतून वर चढणाऱ्या जिताड्याच्या गोष्टी मोठी माणसे सांगत. जिताड्याची रीत अशी की अंडी खाऱ्या पाण्यात आणि पोरवय गोड्या पाण्याकडे. खाली-वर दोन्ही वाटा मोकळ्या असतील तरच त्याचा संसार चालतो. काळूचे पाणी त्यामानाने बरे राहिले आहे, म्हणून आजोबांची करवंटी अजून रिकामी नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती आहे. तुमच्या शाळेत असा एखादा मुलगा असेलच, की ज्याचा आजा, मामा किंवा आई मासे धरते. वलगणीचे मासे कोणत्या पावसाला चढतात, मरळ कशावर येते, कोणत्या डोहात काय सापडे आणि आता काय सापडत नाही, हे त्याला वहीत लिहून आणायला सांगा. नावे मात्र घरी म्हणतात तशीच लिहू द्यात. शुद्धलेखन सुधारू नका. आमच्या विद्यार्थ्याने आजोबांकडून सतरा नावे लिहून आणली आहेत. त्यांतली पाच मला कोणत्याच पुस्तकात सापडली नाहीत. ती प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याकडे दिली, तर तो म्हणाला, "नावावरून काय सांगू? मासा आणा." आता मासा आणणे आले.

त्या रविवारी निघताना नातवाने जांभळे गांडूळ एकदा पाण्यात टाकून पाहिलेच. ते तळाच्या दगडात अडकले आणि तंगूस तुटला. आजोबांनी विचारले, "हे कुजायचं कधी?" मी म्हटले, "कुजत नाही, आजोबा." ते काही बोलले नाहीत. धोतर वर खोचून पाण्यात उतरले आणि काठीने दगड चाचपू लागले. आमची गाडी चुकली. पण गांडूळ मिळाले.